गाठीची खूण

त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलमध्ये
मी अकरा वर्षांची, आईचे कान.
फायलीतून मान वर न काढता डॉक्टर म्हणाले,
गाठ आहे. सांग आईला.

मला गाठ ठाऊक होती परकराच्या नाडीची.
तीच मारली हवेत, ओढून घट्ट.
आई हसली.
सोड मग, म्हणाली बोटांनी.

पुढे गोळे कॉलनीतले औषधांचे भाव,
बँकेतलं ‘हिला कळतं का काही?’,
आत्याचं रात्रीचं बोलणं,
सगळं माझ्या हातांतून गेलं.
काही मी मध्येच गाळलं.
तेवढं अजून हातातच आहे.

आता त्याच इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत
टेबल माझं. पगार दहाला, कधी वीसलाही.
दारावर पाटी: सांकेतिक भाषा दुभाषी.
पाटीवाल्यानं ‘सांकेतिक’ला दोन वेलांट्या दिल्यात.

आज सातपूरहून एक बाई आली.
पुढे तिचा पोरगा, नऊचा असेल,
हात आधीच छातीशी आणलेले.
म्हटलं, कॅन्टीनमागे मांजर व्यायलीय,
पिल्लं मोजून ये.
तो हलेना.
मग गेला, दारातून दोनदा
माझे हात तपासत.

डॉक्टर बोलले. मी सांगितलं, सगळं.

तो परतला तेव्हा
आईकडे न बघता मलाच दाखवली चार बोटं,
मग पापण्या मिटल्या:
एकाचे डोळे अजून उघडायचेत.