हातचा

नदी तपकिरी व्हायला लागली की
पलीकडच्या नोंगखाईतून सेंगदाओचा फोन येतो.
मी व्हिएंतियानच्या काठावर, ती त्या काठावर.
डोळे बारीक केले तर तिच्या गल्लीतली
निळी पाण्याची टाकी दिसते.
"अंडी कशी?" ती विचारते.
मी कशी, हे विचारायची
आमच्या घरातली हीच रीत.

माझ्याकडे वही आहे. डाव्या पानावर किप,
उजव्या पानावर बाथ.
मधे दोऱ्याची शिवण. तिला मी नदी म्हणत नाही,
पण हिशेब करताना ओलांडावी लागते.

मी शेवयांची गाडी टाकली त्या साली
एका बाथला तीनशेच्या आत किप पडायचे.
आता सहाशेच्या वर.
म्हणजे मी रस्सा ढवळत होते तेवढ्यात
कुणीतरी पात्र दुप्पट रुंद केलं
आणि पूल होता तेवढाच ठेवला.

भात तिकडेही बोटांना तसाच चिकटतो.
मिरची तीच, शिवी तीच,
पपई कुटताना उखळ तसंच कण्हतं.
भुकेला दोन्हीकडे एकच शब्द.
फक्त तेलाची बाटली पूल ओलांडून आली
की फळीवर अशी बसते,
जावईबापू बसावेत तशी.

मी वाडग्याची किंमत वाढवली नाही.
गोळे पाचाचे चार केले.
बुन्थावी मास्तर रोज सकाळी येतात.
त्या दिवशी त्यांनी चमच्यानं मोजले,
पुन्हा मोजले,
रस्सा तळापर्यंत प्यायले, पैसे ठेवले, गेले.
दुसऱ्या दिवशी आले ते
परसातला पुदिना ओल्या फडक्यात गुंडाळून.
"जास्त झाला होता," म्हणाले.
ह्याच मास्तरांनी आम्हा बहिणींना शिकवलं होतं,
नऊ अधिक चार, तीन मांडा, हातचा एक.

"इकडं स्वस्ताई आहे बाई," सेंगदाओ सांगते,
"ट्रे ऐंशी बाथ. आईच्या गोळ्या तर
फुकटात पडतात म्हण ना. पाठवते."
"इकडंही उतरलंय," मी म्हणते
आणि प्रत्येक भावातून
हजार-दोन हजार किप गाळून तिला ऐकवते.
गिरणीतल्या तिच्या रात्रपाळ्या ती सांगत नाही.
पंख्याचा आवाज येत नाही तिच्या फोनमधून, एप्रिलातही.
मी विचारत नाही.

मग सुट्टीत तिचा थनाकोन आला, अकरा वर्षांचा,
मांडीवर अंड्यांचा ट्रे धरून, बसमधून,
पुलावरून, शिक्क्यांच्या रांगेतून.
तीसातलं एकच फुटलं होतं.
त्याचंच त्याला गरम रश्श्यात सोडून दिलं.
पिशवीच्या तळाशी पावती होती.
एकशे पंचवीस बाथ.

वही काढली. मागे गेले, आणखी मागे.
ऐंशी सापडले, तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात,
माझ्याच अक्षरात.
तेव्हापासून ती मला
तोच एक जुना बाजार वाचून दाखवत होती.

पोरगं वाडग्यावरून माझ्याकडे बघत होतं.
मग गाडीवरच्या खडूच्या पाटीकडे,
मग समोरच्या दुकानातल्या तेलाकडे.
त्याला सहाशेचा पाढा येत असावा.
"मावशी," तो म्हणाला, "आईला तू सांगतेस
ते भाव कुठल्या दुकानातले?"
मी त्याच्या वाडग्यात
पाचवा गोळा टाकला.

संध्याकाळी फोन वाजला.
"अंडी कशी?"
"उतरलीत."
"इकडंही. ऐंशीच."
"पोचली सगळी? फुटली नाहीत ना?"
"एकही नाही," मी म्हणाले.
थनाकोन दार धरून उभा होता.
पावती मी वहीच्या शिवणीत खोचली,
ना डाव्या पानावर, ना उजव्या.
पलीकडे निळ्या टाकीजवळ दिवा लागला,
आणि लगेच,
वीज मोजणाऱ्या हातानं विझवावा तसा,
विझला.