उजेडाला धरून

जानेवारीत डुक्कर कापायचं, हे आमच्याकडे ठरलेलं.
पहाटे चारला, अंगणात बर्फ करकरत असताना,
बाबा आधी जर्दाळूची पालिंका ओततात,
शेजारच्या मेन्यहेर्तला, कसायाला, मग स्वतःला.
तेराव्या वर्षी मलाही एक घोट मिळाला होता :
"आतून गरम राहशील, इबोल्या."

माझ्या वाट्याला आतडी.
ती उलटी करायची, सुरीच्या बोथट बाजूने खरवडायची,
मीठ, कांदा, थंड पाणी, पुन्हा थंड पाणी,
मग एका टोकातून फुंकर घालून
कंदिलासमोर धरायची.
बाबा धुरीच्या खोलीतून ओरडायचे,
"भोक दिसलं तर सांग!
एक भोक, आणि अख्खी माळ वाया."

आता सेगेदच्या इस्पितळात,
दुसऱ्या मजल्यावर, खोली अकरामध्ये,
मी पुन्हा आतडीच बघते.
पडद्यावर गुलाबी, ओला बोगदा.
डॉक्टर नळी सरकवतात, मी वरून पोट दाबते,
आणि कुठल्याशा वळणावर
अळंबीसारखं काहीतरी देठावर उभं असतं.
फास. चिमूटभर धूर.
बरणीवर मी नाव लिहिते.
वर्षानुवर्षं मुक्काम असतो त्याचा,
भाडं न देता, दार न वाजवता.

कुशीवर वळता वळता लोक कबुली देतात.
ट्रकवाला म्हणतो, वीस वर्षं बसूनच गेली, बाई,
एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात सलामी.
शाळेतली मुख्याध्यापिका : भाजी म्हणजे बरणीतली मिरची.
मी पाद्री नाही.
मी म्हणते, गुडघे पोटाशी घ्या.

कारण एमोकेही याच टेबलावर होती.
माझी मावसबहीण, एकेचाळीस वर्षांची,
तिसाच्या बांधावर रोज धावणारी,
रात्री मसूर भिजत घालणारी,
सिगारेटच्या वासानेही शिंकणारी.
तिच्यातच सापडलं, आणि सापडलं ते उशिरा.
तेव्हापासून भिंतीवरचा तक्ता समजावताना
माझा आवाज जरा खाली येतो.
खारवलेलं, धुरावलेलं मांस, दारू, तंबाखू, बैठं अंग
पारड्यात पडतं, हे खरंच.
पण दुसऱ्या पारड्यात काय होतं,
ते एमोकेला कुणी दाखवलं नाही.

बाबांचं पाकीट दीड वर्ष घड्याळामागे.
आत एक काडी, छोटी नळी,
परतीचा पत्ता छापून तयार.
"हे टपालाने पाठवू? पोस्टमन माझ्याशी पत्ते खेळतो!"
आई गेल्यापासून ते उभ्यानेच जेवतात :
पाव, त्यावर चरबी, त्यावर लाल पाप्रिका,
अर्धा कांदा. "ही बघ भाजी."
आजोबाही हेच खायचे, असं सांगतात.
आजोबा दिवसभर नांगरामागे चालायचे, हे सांगत नाहीत.
आणि ते छप्पन्नाव्या वर्षी कशाने गेले,
यावर घरात एकच वाक्य आहे : पोटात वारा भरला.

यंदा कंदिलाऐवजी माझ्या मोबाइलचा उजेड होता.
बाबा जवळ आले, हात पुसत,
फुगलेल्या आतड्याकडे बघत राहिले.
"माणसाचंही असंच दिसतं?"
"असंच. फक्त कुणी ओरडत नाही."
"पाणी थंड असतं?"
"कोमट."
बराच वेळ बर्फावर पाय घासले त्यांनी.
"आणि तू असशील?"

नातलगांच्या वेळी आम्हाला खोलीत उभं राहू देत नाहीत.
"असेन," मी म्हणाले.

संध्याकाळी नेहमीसारख्या माळा टांगल्या.
त्यांनी मला नऊ बांधून दिल्या, मी चार घेतल्या,
त्यावरून थोडं वाजलं.
निघताना पाहिलं तर घड्याळ तिरकं लटकत होतं.
मागे काही नव्हतं.
शेगडी मात्र पेटलेली होती, म्हणून मी विचारलं नाही.

बुधवारी त्यांचा फोन आला, आवाजात कुरकुर :
"आज डाव मांडला त्याने, पण साला
नजरच मिळवत नव्हता."