रवा

हुपरीच्या शाळेत, आठवी ब,
फळ्यावर वर्तुळ काढलं, मधोमध ठिपका,
म्हणालो, हे केंद्रक.
मग खरं काय ते सांगून टाकलं,
की पुस्तकातलं चित्र मापात नाही.
ठिपका एवढा धरला तर वर्तुळाची कड
फाटकाबाहेर, एसटी वळते तिथं.
आणि मधे?
मधे जवळजवळ काही नाही.

"काही नाही म्हंजे किती, सर?"

सन्मती आवटे. शेवटचा बाक.
बोटांची टोकं काळी,
घरी आई मजुरीवर घुंगरं भरते:
चांदीच्या दोन वाट्या, आत एक रवा,
वरून डाख.
त्यानं खिशातनं एक काढलं, कानाशी हलवलं.
"फोडून बघायचं नसतंय. मजुरी कापत्यात.
नुसतं हलवायचं.
मुकं लागलं की समजायचं,
रवा टाकायचा ऱ्हायलाय."

अकरा वर्षं शिकवतोय मी हा धडा.
सोन्याच्या वर्खावर कण सोडले,
बहुतेक सगळे आरपार गेले,
एखादाच माघारी फिरला,
आणि तेवढ्यावरून कळलं
की आत कुणीतरी आहे.
आत कुणी गेलं नव्हतं.
हे इतक्या सोप्यानं मला कधी सांगता आलं नाही.

प्रयोगाच्या तासाला कांद्याची पापुद्री,
आयोडीनचा एक थेंब.
"सर, हे मधे न्हाय की. भिंतीला टेकलंय."
टेकलेलंच असतं पुष्कळदा.
त्याची आईही उंबऱ्याशी बसते, उजेडासाठी,
आणि चूल, हिशेब, धाकटीचा ताप
सगळं तिथूनच चालतं.

दसऱ्यानंतर एकदा लाइट गेली.
त्याच्या गच्चीवर उभे होतो,
कारखान्याच्या धुराड्यापलीकडे
आकाशगंगेचा फुगीर भाग उतरत चाललेला.
तिचं केंद्र त्या बाजूला, म्हणालो,
तिथून उजेडसुद्धा सुटत नाही.

"म्हंजे मुकं."

हो.

"मग आत रवा हाय का न्हाय, कसं कळलं?"

भोवतीच्या ताऱ्यांवरून, म्हणालो.
इतक्या वेगानं फिरतात ते,
की फिरवणारं काहीतरी असणारच.
त्याला पटलं नसावं. मान तिरकी करून
बराच वेळ तो तिकडं कान देऊन राहिला.

खाली कंदिलाशी आईनं
ओंजळभर घुंगरं हलवली,
थांबली, पुन्हा हलवली,
आणि एक बाजूला काढून ठेवलं.