सहावं वळण

रात्री भांडी पालथी घालताना
मोठं ताट तेवढं मी बाजूला ठेवते.
ते माझं स्टेअरिंग.
गव्हाच्या डब्यात उभं रोवलेलं लाटणं, तो गिअर.
डाव्या पायाखाली चिंधी गुंडाळलेली वीट, म्हणजे क्लच.
उजव्याखाली सासऱ्यांची जुनी चप्पल, तो ब्रेक.
ॲक्सिलरेटरला घरात काही सापडलं नाही,
तिथं नुसती फरशी.

डोळे मिटते
आणि सातारा स्टँडवरून केळघरची गाडी काढते.

नऊ वर्षं याच रस्त्यावर तिकिटं दिली मी,
तोंड प्रवाशांकडे, पाठ रस्त्याकडे.
मोळाचा ओढा कधी आला, कोंडवे कधी गेलं,
हे कमरेला माहीत, डोळ्यांना नाही.
आता कमरेकडून एकेक वळण मागून घेते
आणि डोळ्यांना नेऊन देते.

सुरुवातीचे आठ दिवस
मी मनात नुसते कंदी पेढेच वाटले.
खाकी शर्टावर हार, डेपोत फोटो,
मागच्या रांगेत जाऊबाई.
बागवान काकांना सांगितलं तर
ते स्टिअरिंगवरची धूळ पुसत म्हणाले,
“पेढ्यानं गाडी हलत नाही, मालन.
टाच बघ. टाच कुठं टेकते ते बघ.
बाकीचं काय, आपोआप दिसतं.”

मग एक अख्खा आठवडा
मी माझी टाच पाहिली.

भेगा पडलेली, जोडव्यांच्या बोटांपासून लांब,
कधी कुणी नीट न पाहिलेली टाच.
ती टेकली, की पंजा उचलतो,
पंजा उचलला, की इंजिन श्वास सोडतं.
नवरा अंधारात विचारायचा, “कुठवर आलीस?”
“मेढा.”
“मग मला इथंच उतरव,”
आणि कूस बदलून घोरायचा.

केळघरच्या पुढं घाट.
पाच वळणं सुरळीत.
सहाव्या वळणावर रोज
छत्री घेतलेला एक माणूस उभा.
ऊन असो, धुकं असो, छत्री उघडी.
हात करत नाही, बाजूला होत नाही.
मी दुसरा टाकते, ब्रेकवर चप्पल दाबते,
ताट छातीशी ओढते,
आणि तिथंच डोळे उघडतात.
फरशीवर गव्हाचे चार दाणे.

परीक्षेच्या दिवशी माणूस आला नाही.
सीट आली.
आधीच्या लंबूटांग पोरानं मागं ढकललेली,
गंजून तिथंच अडकलेली.
मनातल्या गाडीची सीट कायम माझ्या मापाची होती,
हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.
क्लच अर्धाच दबला. मागचं चाक पट्टीवर चढलं.
साहेबांनी काहीतरी लिहिलं
आणि पेनाला टोपण लावलं.

पाच दिवस त्या ताटात मी भात खाल्ला.

सहाव्या रात्री पोरीनंच लाटणं डब्यात रोवलं,
दोरी नसलेल्या घंटेचे दोन ठोके तोंडानं दिले
आणि माझ्याकडे बघत राहिली.
बसले.
या खेपेला सीट मागं ठेवली.
आरशावर वाफ धरवली, चाकावर दुसऱ्याचा घाम,
शेजारी खोकणारा साहेब.
पाठीशी घडी घातलेली चादर घेतली
आणि आठचा आकडा काढला, उलटा,
अकरा वेळा.

दुसऱ्या परीक्षेला चादर पिशवीतून नेली.
पोरं हसली. हसू देत.

आज सकाळी पावणेसातची केळघर–महाबळेश्वर.
चाक ताटापेक्षा खूप मोठं आहे,
हात दुखतात.
घाटात धुकं दाट. एक, दोन, पाच.
सहाव्या वळणावर कुणी नव्हतं.
ओला कठडा, एक माकड, खाली न दिसणारी दरी.

तरी मी दुसरा टाकला,
आणि त्याच्यासाठी हॉर्न दिला.