नवा खड्डा नाही

बारा वर्षांचा झालो तेव्हापासून दर शनिवारी
या दफनभूमीतलं गवत मी कापायचो.
पाऊण डॉलर मिळायचा.
दगडांभोवती विळ्यानं, मधल्या पट्ट्यात मशीननं,
लग्नाला निघालेल्या माणसाच्या दाढीसारखं चोख.

चहूकडे मका. आयोवात दुसरं असतंच काय?
मका, आणि मक्याचा कंटाळा आला की सोयाबीन.

चौऱ्याहत्तरच्या जुलैत मशीन मोडलं.
कमिटीकडे पैसे नव्हते, माझ्याकडे उत्साह नव्हता.
सप्टेंबरात गवत माझ्या डोक्यावरून गेलं,
तांबूस, जांभळट, टोकाला तीन बोटं फुटलेलं,
टर्कीच्या पायासारखी.
मधूनच पिवळ्या फुलांची उंच झाडं.
त्यांची पानं सगळी उत्तर-दक्षिण धरून उभी,
जशी कुणी दोरी लावून बसवलेली.

एक बाई गाडी थांबवून उतरल्या,
कुंपणाशी गुडघे टेकून बसल्या.
मला वाटलं कुणाच्या तरी नातलग.
मी टोपी काढून उभा राहिलो.
त्या एका झाडाच्या पाकळ्या मोजत होत्या.
अंधार पडेपर्यंत त्रेसष्ट जाती लिहून झाल्या
आणि मग त्या रडल्या,
दफनभूमीत रडावं तशाच.

कमिटी बसली. ऑर्लिन स्कोगननं टेबलावर मूठ आपटली:
तण माजलंय, मेलेल्यांची अब्रू जातेय.
थोड्या वेळानं ट्वेटबाई उठल्या. एरवी त्या बोलत नसत.
म्हणाल्या, माझी आजेसासू पोरांच्या कमरेला घंटा बांधायची,
इतकं उंच होतं हे गवत.
एकदा घंटा सुटली.
सिव्हर्ट दोन दिवसांनी सापडला.
त्या कोपऱ्यातला छोटा दगड त्याचा.
त्याला गवत ओळखीचं आहे, ऑर्लिन.
मका तो ओळखत नाही.

माझा पणजा मात्र मरेपर्यंत सांगायचा
सहा बैलांच्या नांगराची गोष्ट:
मुळं तुटायची ना, बंदुकीसारखा आवाज यायचा!
आम्ही पोरं तोंडानं आवाज काढायचो,
ठो, ठो, ठो,
आणि हसायचो.

आता एप्रिलमध्ये वर्डेल येतो मेस्क्वाकी वस्तीतून.
त्याच्या लोकांनी आपलीच जमीन
पैसे मोजून परत विकत घेतली होती.
शाळेत हे मला कुणी सांगितलं नाही.
तो बोट ओलं करून वारा बघतो.
म्हणतो, आग लावायची नसते, सोडायची असते,
गुरं सोडतात तशी.
वीस मिनिटांत सगळं काळं,
दगडांवरची नावं तेवढी लख्ख.
मी एकदा विचारलं, तुला राग येत नाही आमचा?
तो म्हणाला, पंप नीट धर, वारा फिरतोय.

मागच्या वर्षी एक पोरगी आली, तीन पायांवर दुर्बीण घेऊन.
दफनभूमी शेतांपेक्षा दोन हात उंच निघाली.
मी म्हणालो, मेलेले वर यायला लागले की काय!
तिनं पुन्हा मोजलं. म्हणाली,
नाही काका, तुमची शेतं खाली गेलीत.

ऑक्टोबरात कॉफीच्या डब्यात मी बी गोळा करतो.
कुंपणालगतच्या मक्याच्या आठ ओळी सोडून दिल्यात,
तिथे पेरतो. तिसरं वर्ष आहे,
अजून नुसतं तण.
वर्डेल म्हणतो, ते खाली वाढतंय, तू वर बघतोयस.

आई-वडील इथेच आहेत, फाटकाच्या डाव्या हाताला.
मला मात्र गावापलीकडच्या नव्या जागेत जावं लागेल,
पाण्याच्या टाकीजवळ, जिथे गवत दर मंगळवारी कापतात.
इथे नवा खड्डा खणायचा नाही असा नियम आहे.
मुळांना धक्का लागतो.
ठरावाच्या कागदावर सही माझीच आहे,
निळ्या शाईतली, जरा वाकडी.