एफ अठरा

सोहारच्या इस्पितळात, तळघरात,
मी फायलींना आकडे लावते.
आज: वय एकोणीस, होड्यांच्या कारखान्यातला,
शुद्ध हरपलेली, ओठांभोवती लाल चट्टा.
नर्सने लिहिलंय, शर्टाला थिनरचा वास.

वास आला कुठून,
एवढंच कुणी लिहिलेलं नाही.
काम करताना चढला तर टी बावन्न, अपघात.
चिंधी भिजवून हुंगला तर एफ अठरा,
मग विमा हात झटकणार,
मुकादम पासपोर्ट शोधणार.

डॉक्टर बुशरांना विचारलं: हेतू?
जेवणानंतर उत्तर आलं:
‘म्हणतो, त्या वासात
ताईच्या लग्नाला रंगवलेलं दार दिसतं.
ओलं असतं अजून.’

पूर्ण पुस्तक चाळलं.
दाराला आकडा नाही.

पाचला यादी बंद होते.
चार पन्नास झालेत.