ल. कुलासो व फ. गावकर

दगडफूल काय हो?
वाळपईच्या स्टँडवर पिशवी बघून
हटकून कुणीतरी विचारायचं. मसाल्याला?
हो, मसाल्यालाच, बाई म्हणायच्या
आणि माझ्याकडे बघून एक भुवई वर.

लिबेराता कुलासो. ठेंगणा जीव,
गळ्यात सुंभाच्या दोरीला भिंग,
पायात भावाचे जुने बूट, पुढे कापूस कोंबलेले.
मी सतरा वर्षांचा, सुर्ल्याचा,
झाडावर चढतो म्हणून रोजावर ठेवलेला.

पहिल्या दिवशी हिरड्याखाली
वाऱ्याने पाडलेली एक बट उचलून म्हणाल्या,
याला तुमच्यात काय म्हणतात?
खाड, मी म्हटलं. झाडाची खाड.
झाड म्हातारं झालं की येते.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं,
लॅटिनच्या आधी, तारखेच्याही आधी.

मग दोन नखांत धरून हलकेच ओढली.
साल तुटून मण्यांसारखी सुटी झाली,
आत पांढरा धागा,
रबरासारखा ताणत गेलेला.
हा असेल तर आपली, त्या म्हणाल्या.
नसेल तर जाऊ दे तिला.

नंतरची एकतीस वर्षं
मी कागदाच्या पुड्या घातल्या.
खालून घडी, वरून घडी, कडा मागे.
त्या एक थेंब टाकायच्या,
आणि इतका वेळ मूग गिळून बसलेली ती
आधी पिवळं बोलायची, मग लाल.
झाड, उंची, कुठल्या दिशेची फांदी,
आणि सगळ्यात खाली, माझ्याच अक्षरात:
ल. कुलासो व फ. गावकर.
त्या 'व'ला मी वळण जरा जास्तच द्यायचो.

अकरा नावं ठेवली बाईंनी.
एक आमच्या गावाचं,
एक हळदोण्यात तापाने गेलेल्या बहिणीचं,
एक नुसतंच 'ओली' अशा अर्थाचं.
एकीला तुझं देते म्हणाल्या.
नको, मी म्हटलं, उद्या कोणीही येऊन
माझी दाढी ओढेल.
इतक्या हसल्या की भिंग टेबलावर आपटलं.
कडेला चीर आहे अजून.

मग पुड्यांतले चिमूटभर तुकडे दूर कुठे यंत्रात गेले
आणि उत्तर आलं: अकरातल्या सहा
एकच आहेत.
कमी धुकं, जास्त धुकं, ऊन, सावली.
एकच बाई, साड्या सहा.

दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.
तिसऱ्या दिवशी टाइपरायटरवरचं फडकं काढलं
आणि स्वतःची पाच नावं
स्वतःच बुडवणारा लेख लिहायला घेतला.
मी म्हटलं, बाई, दुसऱ्या कुणाला लिहू दे की.
दुसऱ्याला काय माहीत, त्या म्हणाल्या,
मी कुठे चुकले ते.

पुड्यांवरचं मी खोडायला निघालो तर
हातावर फटका.
खोडायचं नसतं, फटी.
नवी चिठ्ठी शेजारी डकव. जुनं दिसत राहू दे.
बहिणीचं नाव त्या पाचांत होतं.
ती चिठ्ठी त्यांनी स्वतः डकवली,
थोडी तिरकी.

रस्ता रुंद झाला तेव्हा हिरडा गेला.
मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.
तोवर गुडघे गेले होते, डोळ्यांत सारा आलेला.
हळदोण्याला गेलो की मी तळहातावर
एखादी बट ठेवायचो,
त्या नखांत धरून ओढायच्या,
आणि थांबायच्या,
आणि मान हलवायच्या.

काल साखळीच्या बाजारात,
किराणाच्या दुकानात, दगडफुलाच्या पोत्यात
काळ्या, राखाडी पापुद्र्यांमध्ये
एक लांब, हिरवट काहीतरी.
चष्मा काढला. ओढून पाहिलं.
धागा.

किती देऊ? दुकानदार विचारत होता.
पाव किलो, म्हटलं,
आणि हे एवढं वेगळ्या कागदात.
खालून घडी, वरून घडी.
त्याचंच बॉलपेन मागून घेतलं.
झाड: माहीत नाही. गाव: माहीत नाही.
सवयीने पुढे
ल. कुलासो व
लिहून झालं तरी
मागचं गिऱ्हाईक खोकत होतं.